आठ कॅमेरे, एक टीबी आणि ‘तीस दिवसांचा बॅकअप’

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका घराच्या विहिरीवरचा पंप चोरीला गेला. घराला आठ सीसीटीव्ही कॅमेरे होते, चार महिन्यांपूर्वीच ५४ हजार रुपये मोजून बसवलेले. मुलगा बोटीवर नोकरीला, घरात आईवडील दोघेच, म्हणून ही सोय. चोरीच्या रात्रीचे फुटेज काढायला गेल्यावर फाटकाचा कॅमेरा दिवेलागणीनंतर काळा निघाला. विहिरीकडच्या कॅमेऱ्यात पांढरे धुके, आणि जे काही रेकॉर्ड झाले होते त्यावरची वेळ अडीच तास पुढे. नंतर सगळी जोडणी उघडून तपासली तेव्हा एकेक प्रकार बाहेर आला. बसवणाऱ्याचे नाव इथे देत नाही. ही पद्धत त्या एकट्याची नाही, आणि कामाची गोष्ट पद्धतीतच आहे.

कोटेशन अर्ध्या पानाचे होते: ‘फाइव्ह एमपी नाइट कलर आयपी कॅमेरा ८ नग, ८ चॅनल एनव्हीआर, पीओई, १ टीबी हार्ड डिस्क, ३० दिवस बॅकअप, जंक्शन बॉक्स ८, कॅट सिक्स केबल लागेल तशी, फिटिंगसह.’ (एमपी म्हणजे मेगापिक्सेल, एनव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्र साठवणारा रेकॉर्डर, टीबी म्हणजे सुमारे हजार जीबी जागा; पीओईचे पुढे येईल.) कंपनीचे नाव होते, मॉडेल नंबर एकाही वस्तूचा नव्हता. एकाच कंपनीच्या दीड हजाराच्या आणि सहा हजारांच्या कॅमेऱ्यावर नाव तेच असते, त्यामुळे मॉडेल नंबर गाळला की काहीही आणून लावायला रान मोकळे. ४० हजार आगाऊ, तेही रोख. काम संपले दुपारी चारला. टीव्हीवर आठ चौकोनांत लख्ख चित्र, मोबाइलवरही तेच, आणि उरलेले पैसे तिथल्या तिथे चुकते. उन्हात अगदी हलका कॅमेराही छान दिसतो. आता फसवणूक कुठे कुठे होती ते बघा.

सगळ्यात महागात पडली ती केबल. कोटेशनमध्ये ‘पीओई’ लिहिले होते. खरे पीओई म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज: कॅमेऱ्यांच्या केबल जिथे एकत्र येतात त्या नेटवर्क स्विचच्या पोर्टमधून कॅमेऱ्याला साधारण ४८ व्होल्टचा पुरवठा जातो. ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत आणि कॅमेऱ्याच्या टोकाला १२.९५ वॅट मिळायला हवेत. इथे स्विच साधाच होता. शेजारी १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय ठेवून, शे-सव्वाशेला जोडी मिळणाऱ्या प्लगांनी केबलच्या मोकळ्या निळ्या आणि तपकिरी जोड्यांतून तेच १२ व्होल्ट ढकलले होते. बाजारात त्या प्लगांनाही ‘पीओई’च म्हणतात, त्यामुळे लिहिलेला शब्द खोटा ठरत नाही.

फाटकाच्या खांबापर्यंत केबल ७० मीटर. चांगल्या तांब्याच्या केबलमध्येसुद्धा या पद्धतीने, कॅमेरा अर्धा अँपिअर ओढत असेल तर, वाटेत सुमारे ३ व्होल्ट पडतात. ही केबल तर तांब्याची नव्हतीच. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा, म्हणजे धंद्यातल्या भाषेत सीसीए. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे पडणारे व्होल्ट साडेचारच्या पुढे जातात. दिवसा कॅमेरा निम्माच करंट घेतो, म्हणून नऊ-दहा व्होल्टवर कसाबसा चालतो. अंधार पडला की आयआरचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे, एलईडी पेटतात, करंट वाढतो, व्होल्टेज सात-साडेसातवर येते आणि कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरू झाला की परत एलईडी, परत बंद. रात्रभर हेच. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, “काका, नेट स्लो आहे तुमचं.” नेटचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. एनव्हीआर आणि कॅमेरे घरातल्या घरात इंटरनेट नसतानाही रेकॉर्डिंग करतात.

सीसीए ओळखायला यंत्र लागत नाही. तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ॲल्युमिनियम, आतपर्यंत लालसर असेल तर तांबे. केबल भिंतीत गेल्यावर शंका आली तर मल्टिमीटर घ्या. दोन्ही टोके मोकळी करा, एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा आणि दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमधला रोध मोजा. ७० मीटरला तांब्याची साधी केबल १२ ओमच्या आसपास दाखवते, जाड कॅट सिक्स त्याहून कमी. इथे १९ भरले. शिवाय वाटेत, माडाच्या बुंध्याशी, टेप गुंडाळलेला सांधा सापडला. टेपच्या आत तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या. नेटवर्क केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड हवी, आणि १०० मीटरच्या आत. ‘लागेल तशी’ लिहिले की तुकडे जोडले जातात आणि बिल पूर्ण बंडलाचे लागते.

हार्ड डिस्कचे प्रकरण दोन पदरी. वरचे लेबल सीसीटीव्हीसाठीच्या नव्या डिस्कचे. एनव्हीआरच्या मेनूत डिस्कच्या तपासणीखाली ‘स्मार्ट’ नावाचे पान असते, त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’ ही ओळ बघा. चार महिने चाललेली डिस्क तीन हजार तासांच्या आसपास दाखवेल. हिने दाखवले ३१ हजारांवर, म्हणजे साडेतीन वर्षांचे काम. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेली डिस्क नवे लेबल लावून बसवली होती. हा आकडा शून्यावर आणणारेही आहेत, म्हणून डिस्कवरचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघावी. ती तारीख बसवणाऱ्याच्या हातात नसते.

दुसरा पदर ‘तीस दिवस’. हिशेब तोंडी करता येतो: १ एमबीपीएसचा (सेकंदाला दहा लाख बिटचा) प्रवाह दिवसाला सुमारे १०.८ जीबी जागा खातो. पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत, सेकंदाला १५ फ्रेमवर, बरे चित्र ठेवायचे तर ३ एमबीपीएस तरी मागतो. म्हणजे दिवसाला ३२ जीबी, आठ कॅमेऱ्यांचे २६० जीबी. १ टीबी चार दिवसही पुरत नाही. तीस दिवसांना ८ टीबीची डिस्क हवी, आणि एनव्हीआर तेवढी डिस्क घेतो का तेही आधी बघावे लागते. मग एका टीबीत तीस दिवस बसवले कसे? प्रत्येक कॅमेरा ५१२ केबीपीएसवर, म्हणजे अर्ध्या एमबीपीएसवर, आणला, फ्रेम ८ केल्या आणि रेकॉर्डिंग फक्त हालचालीवर ठेवले. लाइव्ह बघताना चित्र सुंदर, रेकॉर्डिंग उघडले की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिपके. रात्री तर विचारूच नका. अंधारात सेन्सरचा दाणेदारपणा वाढतो, त्यात पाऊस आणि हलणाऱ्या झावळ्या, आणि तुटपुंजा बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) त्यातच संपून जातो. कॅमेऱ्याचे चित्र पारखायचे तर ते प्लेबॅकमध्ये पारखावे, लाइव्हमध्ये कधीच नाही.

विहिरीकडचे पांढरे धुके हा मात्र लबाडीपेक्षा हलगर्जीपणाचा नमुना. कॅमेरा वळचणीला, कौलांच्या अगदी कडेला चिकटवलेला. आयआरचा उजेड कौलाच्या कडेवरून उलटा लेन्समध्ये येतो, कॅमेऱ्याला वाटते भरपूर प्रकाश आहे, तो एक्स्पोजर उतरवतो आणि मागचे सगळे काळोखात जाते. वीतभर-दोन वीत खाली आणि ब्रॅकेटवर पुढे घेतला की प्रश्न मिटला. बाकीचे धुके कोळिष्टकांचे. कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी. यावर औषध एकच: महिन्यातून दोनदा केरसुणी, आणि अंगणातला दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर लांब, म्हणजे किडे तिकडे जातील. ‘नाइट कलर’ला तसाही थोडा पांढरा उजेड लागतोच. पूर्ण अंधारात रंग दाखवणारा कॅमेरा अजून कोणी विकत नाही, विकतो म्हणणारे पुष्कळ आहेत.

पाच मेगापिक्सेल खरे होते का? नव्हते. सेटिंगमध्ये २५९२ × १९४४ दिसत होते, पण आतला सेन्सर दोन मेगापिक्सेलचा, चित्र ताणून मोठे केलेले. तपासायचे असेल तर सहा-सात मीटरवर उभ्या गाडीची नंबरप्लेट घ्या. रिझोल्यूशन आधी १९२० × १०८० आणि मग पूर्ण ठेवून तेच दृश्य रेकॉर्ड करा, आणि झूम करा. अक्षरे काडीमात्र स्पष्ट झाली नाहीत तर चित्र ताणलेले आहे. डब्यावरचा आणि कॅमेऱ्यावरचा मॉडेल नंबर जुळतो का तेही बघा. कॅमेऱ्याच्या लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सरकारने सायबर सुरक्षेच्या चाचण्याही सक्तीच्या केल्या आहेत. भाव एकाएकी निम्म्यावर सांगितला तर जुना, नियमात न बसणारा माल खपवला जात नाही ना, हे विचारायला लाजू नका.

‘आयआर ३० मीटर’ या शब्दांनीही पुष्कळजण फसतात. तीस मीटरवर काहीतरी हलताना दिसेल, चेहरा नाही. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत दृश्याच्या रुंदीच्या दर मीटरला २५० पिक्सेल धरले आहेत. खऱ्या पाच मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला २.८ मिमीची रुंद लेन्स असेल तर ते जेमतेम सव्वाचार मीटरपर्यंत मिळतात. ६ मिमीच्या लेन्सला ११ मीटरपर्यंत. बसवणारे सगळीकडे २.८ ठोकतात, कारण टीव्हीवर अख्खे अंगण दिसले की गिऱ्हाईक खूश. बाल्कांवला (दारापुढच्या बसायच्या ओट्याला) २.८ ठीक, फाटकाला ६ मागून घ्या.

पण या सगळ्याहून वाईट प्रकार पासवर्डचा. एनव्हीआर बसवणाऱ्याच्या मोबाइलवर, त्याच्या खात्याला जोडलेला होता. घरच्यांना त्याने फक्त ‘शेअर’ दिले होते. म्हणजे चार महिने तो माणूस त्या घराची ओसरी, स्वयंपाकघराचे दार, म्हातारी माणसे केव्हा बाहेर पडतात ते सगळे हवे तेव्हा बघू शकत होता. चोरीनंतर ॲडमिन पासवर्ड मागितला तर त्याने साडेचार हजार रुपये ‘अनलॉक चार्ज’ सांगितला. कंपनीकडून खाते सोडवून घ्यायला सहसा बिल लागते, आणि बिल तर दिलेलेच नव्हते. म्हणून काम ताब्यात घेताना एनव्हीआर तुमच्यासमोर फॅक्टरी रिसेट करायला लावा. ॲडमिन पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप करा, रिकव्हरीचा ईमेल तुमचा, ॲपचे खाते तुमच्या नंबरवरचे. युजरच्या यादीत ॲडमिनशिवाय दुसरे नाव दिसले तर काढून टाका. बाहेरच्या इंटरनेटवरून एनव्हीआरकडे वाट उघडणारी यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंग ही सेटिंग बंद. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते असल्याच उघड्या पोर्टांतून आणि न बदललेल्या पासवर्डांतून.

वेळ अडीच तास पुढे का होती, तेही सांगतो. एनव्हीआरचा टाइम झोन कारखान्यातून आला तसा, +८:०० वर, होता. आपला +५:३०. झोन बदलून एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय) चालू केले की घड्याळ आपोआप बरोबर राहते. ही किरकोळ बाब नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली फुटेजसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि चुकीच्या वेळेचे फुटेज समोरचा वकील पहिल्या झटक्यात उडवतो.

जंक्शन बॉक्स आठ लिहिलेले, लावलेले दोन. बाकी सहा कॅमेऱ्यांचे जोड भिंतीवर उघडे लोंबत होते. गोव्याच्या पावसात आणि किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत असा जोड एक गणेशचवथ बघतो, दुसरी नाही. जोड बॉक्सच्या आत हवा, केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोल देऊन वर न्यावी म्हणजे पाणी झोलावरून ठिबकून जाते, आणि भोक बाहेरून आत चढते पाडावे. चिऱ्याच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी लवकर ढिली होते, तिथे भोकात सिमेंट भरून लांब स्क्रू वापरावा.

कोटेशन मागताना प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर, ‘सॉलिड कॉपर कॅट सिक्स, अखंड, मीटरप्रमाणे’, ‘८०२.३एएफ पीओई स्विच’ आणि त्याची एकूण वॅट क्षमता (आठ कॅमेऱ्यांना ९६ वॅटच्या खाली नको), डिस्कचा सिरियल नंबर, आणि तीस दिवस कोणत्या बिटरेटवर, हे लेखी घ्या. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. शेवटचे २५ टक्के रात्रीची तपासणी झाल्यावर: सगळे दिवे बंद करून एका माणसाने फाटकापासून दारापर्यंत चालत यावे, आणि दुसऱ्या दिवशी ते प्लेबॅकमध्ये बघावे. याला नाही म्हणणारा माणूस तिथेच सोडावा.

फसलाच असाल तर आधी काहीही काढू नका. लेबले, सांधे, स्मार्टचे पान, बिटरेटचे पान, सगळ्याचे फोटो घ्या. बसवणाऱ्याला लेखी कळवून मुदत द्या, व्हॉट्सॲपवर दिलेले वचनही जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, आणि अर्ज ‘ई-जागृती’वर घरबसल्या भरता येतो. रोख दिलेले असले तरी कोटेशनचा कागद आणि चॅट पुराव्यात धरायला मागता येतात. त्या घरातले कॅमेरे दोन मेगापिक्सेलचे म्हणून का होईना चालू स्थितीत होते, ते ठेवले. केबल, स्विच आणि डिस्क मात्र सगळी नव्याने घ्यावी लागली.