पायथन ट्यूटर: बाणांच्या चित्रांतून इन्स्टन्स मेथड आणि क्लास मेथड

‘इन्स्टन्स मेथड ऑब्जेक्टवर चालते आणि क्लास मेथड क्लासवर चालते’ हे वाक्य मी परीक्षेत दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा पूर्ण गुण मिळवले. (क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट किंवा इन्स्टन्स म्हणजे त्या साच्यातून घडवलेली एकेक वस्तू, आणि मेथड म्हणजे क्लासमध्ये लिहिलेले फंक्शन.) त्या वाक्याचा अर्थ मात्र नोकरीला लागल्यावरही नीटसा उलगडला नव्हता. ज्या शिकवणीत मी ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकलो, तिथे व्याख्या तोंडी सांगून वहीत उतरवून घेतल्या जात, आणि ‘चालते’ म्हणजे नेमके काय घडते, हा प्रश्न कोणी विचारत नसे. तो प्रश्न माझ्यापुरता सुटला तो पायथनसारख्या प्रोग्रॅमिंग भाषांतील कोड ओळीओळीने चित्रात दाखवणाऱ्या पायथन ट्यूटर या संकेतस्थळामुळे. गेले काही महिने नव्याने शिकणाऱ्या सहकाऱ्यांसाठीही मी ते वापरत असल्याने त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

फिलिप गुओ यांनी २०१० साली हे साधन तयार केले. ते सध्या सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करतात. हे साधन विनामूल्य आहे, संगणकावर काही बसवावे लागत नाही आणि खाते उघडण्याचीही गरज नाही. चौकटीत प्रोग्रॅम लिहून ‘व्हिज्युअलाइझ एक्झिक्युशन’ हे बटण दाबले की डावीकडे कोड आणि उजवीकडे संगणकाच्या स्मृतीचे चित्र दिसते. चित्राचे दोन भाग असतात: ‘फ्रेम्स’मध्ये त्या क्षणी चालू असलेली फंक्शन आणि त्यांची व्हेरिएबल (मूल्यांना दिलेली नावे), तर ‘ऑब्जेक्ट्स’मध्ये क्लास, त्यांचे इन्स्टन्स, याद्या वगैरे. व्हेरिएबल ज्या ऑब्जेक्टकडे निर्देश करते, त्याच्याकडे बाण काढलेला असतो. एकेक ओळ पुढे नेता येते आणि मागेही आणता येते. माझ्या मते मागे येण्याची ही सोयच या साधनाची खरी किंमत आहे, कारण चूक झाल्याचे आपल्याला नेहमी ती होऊन गेल्यावरच कळते.

परीक्षणासाठी मी गावच्या वाचनालयाचे उदाहरण घेतले. ‘सभासद’ नावाचा क्लास, त्यात वार्षिक वर्गणी आणि एकूण सभासदांची संख्या ही दोन व्हेरिएबल क्लासची, आणि प्रत्येकाचे नाव व त्याने नेलेली पुस्तके ही त्या त्या इन्स्टन्सची. (पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावे देवनागरीतही देता येतात, ‘क्लास’, ‘डेफ’ हे राखीव शब्द तेवढे इंग्रजीच राहतात.) पुस्तक नेण्याची मेथड एका सभासदावर चालवली की उजवीकडे नवी फ्रेम उघडते, तिच्यात ‘सेल्फ’ हे नाव दिसते आणि त्यातून निघालेला बाण नेमका त्याच सभासदाच्या चौकटीवर जातो. दुसऱ्या सभासदावर तीच मेथड चालवली तर मेथड एकच राहते आणि बाण तेवढा दुसरीकडे जातो. ‘सेल्फ म्हणजे चालू ऑब्जेक्ट’ हे शंभरदा ऐकूनही जे लक्षात येत नाही, ते या दोन पायऱ्यांत दिसते: इन्स्टन्स मेथड हे एक साधे फंक्शन आहे आणि टिंबाच्या डावीकडे जो ऑब्जेक्ट लिहिला, तो पहिला आर्ग्युमेंट (फंक्शनला दिले जाणारे मूल्य) म्हणून त्याला गुपचूप पुरवला जातो.

वर्गणी ठरवणारी मेथड क्लास मेथड म्हणून लिहिली की फ्रेममध्ये ‘सेल्फ’च्या जागी ‘सीएलएस’ (‘क्लास’चे लघुरूप) येते आणि त्याचा बाण क्लासच्या चौकटीकडे जातो. ही मेथड एखाद्या सभासदाच्या ऑब्जेक्टवरून बोलावली तरीही बाण क्लासकडेच जातो, ही गोष्ट मला हे चित्र पाहीपर्यंत ठाऊक नव्हती. आता मेथडच्या डोक्यावरचे ॲट चिन्हाचे डेकोरेटर, म्हणजे ही क्लास मेथड आहे असे पायथनला सांगणारी ओळ, काढून टाका, पण कंसातले ‘सीएलएस’ हे नाव तसेच ठेवा. ऑब्जेक्टवरून बोलावल्यास प्रोग्रॅम कसलीही तक्रार न करता चालतो. ‘सीएलएस’चा बाण मात्र निमूटपणे एका सभासदाकडे जातो आणि वाढीव वर्गणी त्या एकट्याच्याच चौकटीत लिहिली जाते. क्लासवरून बोलावल्यास एक आर्ग्युमेंट कमी पडल्याची त्रुटी येते, कारण आपण दिलेली रक्कमच ‘सीएलएस’च्या जागी जाऊन बसते. नावात काही जादू नाही, सगळे काम डेकोरेटरचे आहे, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

खरी कसोटी मात्र त्या चुकांची आहे ज्यांवर त्रुटीचा संदेशच येत नाही. सभासद नोंदवताना ‘सेल्फ’च्या एकूण संख्येत एक मिळवा असे लिहिले, तर पायथन जुनी संख्या क्लासमधून वाचतो आणि नवी इन्स्टन्समध्ये लिहितो. परिणामी दहा सभासद नोंदवले तरी क्लासमध्ये शून्यच राहते आणि दहाही जण आपापल्या चौकटीत ‘एकूण १’ घेऊन बसतात, म्हणजे वाचनालयाचा पहिला आणि एकमेव सभासद आपणच, अशी प्रत्येकाची समजूत. पायथन ट्यूटरमध्ये ही नवी ओळ इन्स्टन्सच्या चौकटीत उगवताना डोळ्यांसमोर दिसते. याच्या उलट पुस्तकांची यादी चुकून क्लासच्या पातळीवर ठेवली आणि ‘सेल्फ’मधून तिच्यात भर घातली, तर इन्स्टन्सच्या चौकटीत पुस्तकांची ओळच दिसत नाही, यादीकडे जाणारा बाण एकच, तोही क्लासमधून निघालेला. एकाने नेलेली कादंबरी सगळ्यांच्या नावावर का चढली, याचे उत्तर त्या एका बाणात आहे. व्हेरिएबलला नवे मूल्य देणे आणि असलेल्या यादीत भर घालणे या दोन क्रिया लिहिताना सारख्या भासल्या, तरी चित्रात त्या अगदी वेगळ्या दिसतात.

त्यानंतर मी ‘बालसभासद’ हा उपक्लास (‘सभासद’वरून बनवलेला, त्याचे सगळे वारशाने घेणारा क्लास) जोडला आणि इथे माझीच एक जुनी समजूत खोटी ठरली. जुन्या नोंदवहीतील ओळीवरून सभासद बनवणारी मेथड क्लास मेथड असावी, आणि तिने ‘सभासद’ असे नाव न घेता ‘सीएलएस’मधूनच ऑब्जेक्ट घडवावा, हे मला माहीत होते, पायथनमधील ‘डेट’ या तयार क्लासची ‘टुडे’ किंवा ‘डिक्ट’ची ‘फ्रॉमकीज’ या मेथड याच प्रकारातल्या. तसे केल्यास ‘बालसभासद’वरून बोलावल्यावर बालसभासदच तयार होतो. म्हणून क्लास मेथडमध्ये सदैव ‘सीएलएस’च वापरावे, असा सोपा नियम मी धरून चाललो होतो. एकूण संख्या वाढवण्याचे कामही त्याच नियमाने केले. पाच मोठे सभासद नोंदवून पहिला बालसभासद नोंदवला, तेव्हा ‘बालसभासद’च्या चौकटीत ‘एकूण ६’ ही नवी ओळ आली आणि ‘सभासद’च्या चौकटीतले ५ जिथल्या तिथे राहिले. पुढचा मोठा सभासद आला आणि तोही सहावाच ठरला. बालविभागाची वर्गणी वेगळी ठेवायची असेल, तर ‘सीएलएस’वर लिहिणे बरोबरच आहे, पण साऱ्या वाचनालयाची एकच मोजणी हवी असेल, तर तिथे मूळ क्लासचे नाव स्पष्ट घ्यावे लागते. कोणते व्हेरिएबल कोणाच्या मालकीचे, हा निर्णय आपला असतो आणि मेथडचा प्रकार त्यानंतर ठरतो.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव नेमकी या विषयाच्या गाभ्यालाच भिडते. इन्स्टन्सच्या चौकटीवर तो कोणत्या क्लासचा हे लिहिलेले असते आणि उपक्लासच्या चौकटीवर मूळ क्लासचे नावही असते; पण इन्स्टन्सपासून क्लासकडे आणि तिथून मूळ क्लासकडे जाणारा बाण काढलेला नसतो. मेथड आधी इन्स्टन्समध्ये, मग क्लासमध्ये, मग मूळ क्लासमध्ये शोधली जाते, हा शोधाचा प्रवास दिसतच नाही. थेट फ्रेम उघडते. मूल्य कुठे लिहिले गेले हे हे साधन उत्तम दाखवते, ते कुठून वाचले गेले हे मात्र पाहणाऱ्याने ताडायचे. मी शिकवताना हे बाण फळ्यावर स्वतः काढतो, आणि ते काढल्याशिवाय वरचे ‘एकूण ६’चे कोडे कोणालाही पटत नाही.

इतर मर्यादा त्यामानाने किरकोळ आहेत. प्रोग्रॅम छोटा असावा लागतो, कारण साधारण १००० पायऱ्यांनंतर चित्रण थांबते. फाइल जोडता येत नाहीत आणि बाहेरची बहुतेक मोड्यूल (इतरांनी लिहिलेले तयार कोडसंच) चालत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर कोड आणि चित्र शेजारी मावत नसल्याने लॅपटॉपच हवा. चौकटी दहा-बाराच्या वर गेल्या की बाणांचे जाळे होते, म्हणून उदाहरणात दोन-तीनच ऑब्जेक्ट ठेवावेत. मजकूर सगळा इंग्रजीत आहे, पण बटणे मोजकी असल्याने मराठी माध्यमातून आलेल्यांना त्याची अडचण वाटू नये. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे: तुम्ही चालवलेला कोड त्यांच्या सर्व्हरवर नोंदला जातो आणि संशोधनासाठी वापरला जाऊ शकतो, असे त्यांनीच जाहीर केले आहे, तेव्हा कार्यालयातला कोड तिथे चिकटवू नये.

जावा ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्यांनाही याचा उपयोग आहे. तिथल्या साध्या मेथडच्या फ्रेममध्ये ‘धिस’ (पायथनच्या ‘सेल्फ’सारखे नाव) दिसते आणि स्टॅटिक मेथडच्या फ्रेममध्ये तसे काहीच नसते; त्यामुळे जावातील स्टॅटिक मेथड म्हणजेच पायथनमधील क्लास मेथड, हे सरसकट सांगितले जाणारे समीकरण तिथेच मोडते, कारण पायथनमध्ये निदान क्लास तरी हाती येतो. शिकवणाऱ्यांनी मात्र तयार चित्र पडद्यावर दाखवून मोकळे होऊ नये. प्रत्येक पायरीआधी ‘आता बाण कुठे जाईल’ असे विचारून मुलांकडून तो कागदावर काढून घ्यावा आणि मगच पुढचे बटण दाबावे. चाळीस मिनिटांच्या तासात याप्रमाणे वाचनालयाचे उदाहरण बालसभासदापर्यंत पोहोचते, त्यापुढे जात नाही.