जमिनीवरचे भुंगेरे ओळखण्यासाठी १०–४० पट झूम स्टिरिओ मायक्रोस्कोप

कॅराबिडी कुळातले भुंगेरे वेगळे करायचे तर प्रत्येक डोळ्याच्या वरच्या बाजूला डोक्यावर असलेले राठ केस मोजावे लागतात: एक की दोन, यावरून मोठमोठे गट फुटतात. २० पटीला ते स्वच्छ दिसतात. केस तुटला असला तरी त्याच्या मुळाशी खळगा उरतो. ४० पटीला तोही सापडतो, आणि इथेच हे यंत्र खरं उपयोगी पडतं. नराच्या पुढच्या पायाचे रुंद झालेले, खालून चिकट केसांचे पेरही नीट कळतात.

उणीव प्रकाशाची. गोल एलईडी कड्याचे ठिपके चकचकीत पंखकवचावर उमटतात आणि रेघांमधली टोचणी, म्हणजे बारीक खळगे, त्यात हरवते. उपाय सोपा: बटर पेपरची नळी करून नमुन्याभोवती उभी करा, चमक मरते.

तीन-चार मिलिमीटरच्या जातींचं नर-जननांग मात्र ४० पटीला अपुरं दिसतं, त्यासाठी जास्त पटीचा संयुक्त सूक्ष्मदर्शकच (compound microscope) हवा. आणि प्रसाराच्या नोंदींमध्ये, म्हणजे कोणती जात कुठे सापडते याच्या नोंदींमध्ये, अशा जातींचं नाव जननांग न पाहता लिहू नये, प्रजातीपर्यंतच (genus, जातीच्या वरची पातळी) थांबावं. चुकीच्या एका ठिपक्याने नकाशा बिघडतो.