पित्ताशयाच्या दुखापतीवर गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) झालेले उपचार

आषाढी एकादशीच्या दिवशी दिवेलागणीला विठ्ठलापूरच्या देवळातून साखळीमार्गे परतताना माझ्या धाकट्या भावाची दुचाकी ओल्या रस्त्यावर घसरली आणि हँडलचे टोक उजव्या बरगड्यांखाली रुतले. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. यकृताजवळ थोडे पाणी दिसते, पण घाबरण्यासारखे काही नाही, असे सांगून त्याला वेदनाशामक गोळ्यांवर त्याच रात्री घरी पाठवण्यात आले. पोटाला मार लागलेल्या माणसाच्या पोटात पाणी दिसत असताना त्याला देखरेखीखाली न ठेवणे, ही माझ्या मते अक्षम्य चूक होती. दुसऱ्या दिवशी दुखणे ओसरले, म्हणून आम्हीही निर्धास्त झालो. पाचव्या दिवशी मात्र पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा १०८ रुग्णवाहिकेने त्याला बांबोळीला गोमेकॉत नेले.

तिथल्या सेवेत मला सर्वांत मोलाची वाटली ती तपासणी. शल्यचिकित्सकांनी जुना रिपोर्ट वाचला, पण त्यावर विसंबून न राहता हँडल नेमके कुठे लागले ते भावालाच बोटाने दाखवायला सांगितले. तिथे रुपयाएवढा निळसर वण होता. मग त्या दिवशी काय खाल्ले होते, असे त्यांनी विचारले. आईला हा प्रश्न अस्थानी वाटला, पण त्याचे उत्तर एकादशीच्या उपासात होते. उपाशीपोटी पित्ताशय पित्ताने तट्ट भरलेले असते आणि अशी ताणलेली पिशवी आघाताने लवकर फाटते. एरवी यकृत आणि बरगड्यांच्या आडोशाला असल्यामुळे त्याला इजा क्वचितच होते. पोटाच्या दुखापतीसाठी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होते, अशा १०० जणांत साधारण दोघांना. शिवाय निरोगी पित्त निर्जंतुक असल्याने ते पोटात सांडले तरी सुरुवातीला फार दुखत नाही, म्हणून मधले दिवस फसवे जातात, हेही त्यांनी न कंटाळता समजावले.

शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये पित्ताशय चपटे पडलेले, त्याची भिंत पुसट आणि भोवती द्रव साठलेला दिसला. नुसता मुका मार असता, तर लक्ष ठेवून वाट पाहता आली असती. भिंत फाटल्यामुळे पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय होता. शस्त्रक्रियेत पोटातले पित्त उपसून आतला भाग धुतला गेला, यकृताची चीर तपासली गेली आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला इजा नाही याची खात्री करून घेण्यात आली, कारण पित्ताशय एकटे जखमी होणे फार विरळा.

पोटात ठेवलेल्या नळीच्या पिशवीकडे आई दिवसभर डोळे लावून बसे. पहिल्या दिवशी तिच्यात गडद हिरवट द्रव होता, तिसऱ्या दिवशी तो फिकट गुलाबी झाला. परिचारिका दर पाळीला त्याचे माप आणि रंग वहीत नोंदवत होत्या, आणि फेरीला आलेले डॉक्टर ती नोंद पाहिल्याशिवाय पुढे जात नव्हते. गर्दीच्या वॉर्डात ही शिस्त पाहून आमचा जीव भांड्यात पडला.

टाके काढायला गेलो, तेव्हा त्याच शल्यचिकित्सकांनी भावाला खिडकीपाशी उजेडात उभे करून त्याचे डोळे पाहिले. पिवळेपणा पार गेला होता.