नवीन टॉवरमधला फ्लॅट, दोन वर्षं राहून मग लिहितोय

आधी चांगलं ते सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल हा माणूस तक्रारीच करायला बसलाय. बांधकाम मस्त आहे, भिंतीला कुठे ओल नाही, खिडक्या नीट लागतात, लिफ्ट दोन वर्षांत एकदाच अडकली. फ्लॅटच्या आतल्या सगळ्याला पाचपैकी साडेचार. बिल्डरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, दुसऱ्या कुणी बांधला असता तरी पुढचं सगळं असंच घडलं असतं.

आता गेटच्या बाहेर या.

पाण्यापासून सुरू करतो. आमच्या रस्त्यावर आधी सगळ्या तीन मजली बिल्डिंगा होत्या, त्यांच्या हिशोबाने टाकलेली पाइपलाइन, आणि आजही तीच आहे, फक्त आता तिच्यावर आमची तीनशे बिऱ्हाडं येऊन बसलीत. आम्हाला त्रास काहीच नाही बरं का. लाइनला पाणी आलं की आमची तळघरातली टाकी सगळ्यात खाली असल्यामुळे आधी ओढून घेते, मग पंप ते वर चढवतो आणि शॉवरला फुल प्रेशर. समोरच्या जुन्या बिल्डिंगमधल्या काकांनी एकदा सकाळी मला घरी बोलावलं आणि काही न बोलता नळ सोडला. करंगळीएवढी धार. खाली बादली ठेवली, मी मोबाइलवर वेळ लावली, अकरा मिनिटं लागली भरायला. काका म्हणाले आधी दोन मिनिटांत भरायची, आणि मला काय बोलावं तेच कळेना कारण मी नुकताच मस्त आंघोळ करून गेलो होतो.

नंतर जरा वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्याच पाइपातून दुप्पट पाणी न्यायला गेलात की घर्षणात खर्च होणारं प्रेशर दुप्पट होऊन थांबत नाही, जवळपास चौपट होतं. आणि पाणी 10 मीटर वर चढायला साधारण 1 बार प्रेशर लागतं, म्हणजे अंदाजे तीन मजले. त्यामुळे लाइनचं प्रेशर थोडं पडलं तरी पहिला फटका पंप नसलेल्या वरच्या मजल्याला. काका तिसऱ्यावर राहतात.

आणि आत आलेलं पाणी बाहेरही जाणारच ना. ड्रेनेज लाइन नुसत्या उतारावर चालते, ती भरली की पाणी सगळ्यात खालच्या चेंबरमधून वर येतं, ते चेंबर परत जुन्या बिल्डिंगच्याच पार्किंगमध्ये. पावसाचं तर विचारूच नका. आमचा प्लॉट आधी नुसतं गवत होतं, बरंचसं पाणी जमिनीत मुरायचं. एका एकरावर 50 मिमी पाऊस पडला तर ते जवळपास 2 लाख लिटर पाणी होतं, आणि आता खाली सगळं काँक्रीट असल्यामुळे त्यातलं बहुतेक सगळं थोड्या वेळात गटारात. गटार मात्र जुन्याच मापाचं.

ट्रॅफिकचं जास्त लिहीत नाही, सकाळी आमच्या गेटमधून गाडी मेन रोडला लागायला वीस मिनिटं, बस भरूनच येते.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. काम सुरू व्हायच्या आधी जुन्या रहिवाशांनी हरकत घेतली होती तेव्हा आम्हा बुकिंगवाल्यांच्या ग्रुपवर 'जळतात हो, दुसरं काय' असं चाललं होतं आणि मी पण त्यावर हसणारा इमोजी टाकला होता. अर्ज वाचला एकानेही नाही. त्यात टॉवर नको असं म्हटलेलंच नव्हतं, आधी मोठी पाइपलाइन आणि ड्रेनेज टाका, मग माणसं आणा, एवढीच मागणी होती. घरं लोकांना हवीतच, मला पण हवं होतं म्हणून तर घेतलं. पण परवानगी प्रत्येक टॉवरची वेगवेगळी बघतात आणि पाइप सगळ्यांचा एकच. आमचा टॉवर एकटा धरला तर कागदावर हिशोब बसतही असेल, पण मागच्या गल्लीत अजून एक उभा राहिला त्याचा हिशोब कुणी यात मिळवला?

घ्यायचाच असेल तर सॅम्पल फ्लॅटमधल्या टाइल्स बघण्यात दुपार घालवू नका, आम्ही घालवली. शेजारच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सकाळी सातला जा, सगळ्यात वरच्या मजल्यावर नळ सोडून बघायची परवानगी मागा. जोराच्या पावसात एकदा गेटसमोर उभे राहा. ऑफिसच्या वेळेला गाडी घेऊन तिथून बाहेर पडून बघा. आणि सेल्सवाल्याला विचारा की पाण्याची लाइन नवीन टाकलीय का जुन्यालाच जोडणार. आमच्या वेळी तो 'सगळं होतंय सर' म्हणाला होता, आम्हीही पुढे विचारलं नाही.

बाहेरच्याला पाचपैकी दीड, तो पण सोसायटीने छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची सोय केलीय म्हणून.

गेल्या महिन्यात शेजारच्या प्लॉटवर खोदाई सुरू झाली, तिसरा टॉवर. आम्ही चारपाच जण हरकत कशी लिहायची विचारायला काकांकडे गेलो तर त्यांनी कपाटातून जुनाच अर्ज काढला, तारीख आणि प्लॉट नंबर खोडून नवीन घातला, आणि म्हणाले घ्या, बाकी काही बदलायची गरज नाही.