करंटने औषध मुरवणारे शिबिर तुमच्या गावात आले तर

कापसाचे चुकारे हाती आले की आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात मोफत सांधेदुखी शिबिरवाले हमखास उगवतात. या वेळी त्यांनी समाजमंदिरात टेबल मांडले, पांढरे कोट चढवले आणि "सुई नाही, गोळी नाही, करंटनं औषध थेट गुडघ्यात" असा पुकारा करत भोंग्याचा ऑटो फिरवला. सासूबाईंनी साडेसात हजारांना यंत्र अन् तेलाच्या बाटल्या घेतल्या. जन्मभर कापूस वेचून गुडघे गेलेल्या बाईला मोह होणारच.

हा बनाव खपतो, कारण मूळ गोष्ट खरी आहे. विजेने औषध कातडीतून आत ढकलता येते. त्याला आयन्टोफोरेसिस म्हणतात. तालुक्याच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी नीट समजावले. औषध पाण्यात विरघळलेले आणि विद्युतभारित लागते. धनभाराचे लिडोकेन (बधिर करणारे औषध) धन पॅडखाली, ऋणभाराचे डेक्सामेथासोन (सूज उतरवणारे औषध) ऋण पॅडखाली. सारखे भार एकमेकांना लोटतात, म्हणून औषध आत सरकते. प्रवाह एकाच दिशेचा आणि सहसा 4 मिलिअँपिअरच्या आतला. इतके करूनही ते मुख्यतः कातडीलगत उतरते, झिजलेल्या सांध्याच्या आतपर्यंत पोचेल याचा भरवसा नाही.

आमच्या बाटलीत काय, तर तेल! तेलातून वीज वाहत नाही. यंत्रही टेन्स जातीचे, म्हणजे कातडीवरून नसांना विजेचे हलके ठोके देणारे. त्याने काहींचे दुखणे घटकाभर दबते, पण औषध आत जात नाही. शिबिरातला पोरगा मात्र म्हणे, "मुंग्या येऊन राहिल्या ना मावशी? म्हंजे औषध मुरून राहिलं." "हो जी," म्हणाल्या बिचाऱ्या.

खरा राग पुढच्याचा. सासूबाईंना शुगर आहे, पायाची जाणीव कमी झालेली. सुकलेले पॅड एका कडेनेच टेकले, कातडी भाजून फोड आला, तरी त्यांना कळले नाही. शुगर आहे का, छातीत पेसमेकर बसवलाय का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, रांगेतल्या कुणालाच विचारले नव्हते.

पावतीवर यंत्राचे नावच नाही, नुसते ‘सहयोग निधी’. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार केली, तर पहिला प्रश्न बिलाचाच आला. म्हणून पैसे देण्याआधी वस्तूचे नाव आणि जीएसटी क्रमांक असलेले बिल मागा, बाटलीत कोणते औषध आहे तेही लिहून मागा. आता त्यांचा ऑटो पुसदकडे गेल्याचे ऐकते. तिकडे कुणाचे आईवडील असतील तर आजच फोन करा.