कॅनडातल्या मिसिसागात जुनी फर्नेस काढून नवीन बसवली: चार स्टार, एक कापलाय

अख्खा हिवाळा काढला नवीन फर्नेसवर (म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी), त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आमचं घर नव्वदच्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड, आणि बेसमेंटमधली फर्नेस घराच्याच वयाची. तशी चालत होती म्हणा, पण सुरू होताना धाडकन आवाज, थोडा वेळ भसाभसा गरम हवा, मग बंद, परत धाडकन. वरच्या बेडरूममध्ये पांघरूण फेकून द्यायची वेळ आणि खाली सोफ्यावर दोन-दोन मोजे. सर्व्हिसिंगला आलेल्या टेक्निशियनने हीट एक्स्चेंजरला (जळत्या गॅसची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) गेलेला तडा दाखवला तेव्हा विषयच संपला, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साइड घरातल्या हवेत येऊ शकतो आणि त्याला ना वास ना रंग.

कोटेशनं मागवली तर बहुतेक जण बेसमेंटमध्ये गेले, जुन्या मशीनवरचं लेबल वाचलं, एक लाख बीटीयू (तासाला किती उष्णता त्याचं माप), आणि तेवढीच नवीन टाकू म्हणाले. दहा मिनिटांत काम खलास. एकच माणूस असा निघाला की ज्याने खिडक्या मोजल्या, अ‍ॅटिकमध्ये डोकं घालून इन्सुलेशन बघितलं, घरातून किती उष्णता बाहेर जाते त्याचा हिशोब केला आणि सांगितलं की तुम्हाला साठ हजार पुरे. घरातले सगळे धास्तावले, उणे पंचवीसला काय करायचं म्हणून. पण त्याचं म्हणणं साधं होतं: मशीन गरजेपेक्षा मोठं असेल तर ते थर्मोस्टॅटजवळची हवा पटकन तापवून बंद पडतं आणि लांबच्या खोल्या गारच राहतात. आमच्या घरात हेच तर चाललं होतं! काम त्यालाच दिलं आणि या रिव्ह्यूतले निम्मे स्टार त्या मोजमापाचे आहेत.

'हाय एफिशिअन्सी' या शब्दाला मात्र भुलू नका. कॅनडात २०१९ च्या जुलैपासून घरगुती गॅस फर्नेसला किमान ९५ टक्के एएफयूई (जळालेल्या गॅसपैकी वर्षभरात किती उष्णता घराला मिळते ते) लागतोच, त्यामुळे सेल्समन ९६ टक्के म्हणून डोळे मोठे करतो त्यात विशेष काही नाही. पैसे मोजायचे तर टू-स्टेज बर्नर (कमी आणि जास्त अशा दोन आचांवर चालणारा) आणि ईसीएम मोटरचा ब्लोअर (वेग कमी-जास्त करू शकणारा पंखा) यासाठी मोजा. आता आमची बहुतेक वेळ कमी आचेवर, हळूहळू, बराच वेळ चालते, अगदी चहा उकळत ठेवल्यासारखी, आणि वर-खालचा फरक जवळजवळ गेलाय. ब्रँडवरून घरोघरी वाद होतात, पण गुडमनसुद्धा २०१२ पासून डायकिनचीच आहे, आपल्याकडे एसीवाली जी डायकिन तीच. बसवणारा कसा आहे ते आधी बघा.

पुढचा मुद्दा कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. नवीन फर्नेस धुरातली उष्णताही खेचून घेते, त्यामुळे धूर इतका थंड होतो की त्यातल्या वाफेचं पाणी होतं, मग जुनी चिमणी चालत नाही आणि प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर काढावे लागतात. पण आमचा गॅसचा वॉटर हीटर त्याच चिमणीवर होता! आता एवढ्या मोठ्या चिमणीत त्याचा एकट्याचा धूर वर जाईल इतकी ती तापत नाही, म्हणून आत लायनर, म्हणजे बारीक पाइप, टाकावा लागतो. आमच्या माणसाने तो कोटेशनमध्येच धरला होता. सगळ्यात स्वस्त कोटेशन होतं त्यात लायनरचा उल्लेखच नव्हता, म्हणून ते स्वस्त.

रेंटलवाले पण आले होते, आज एक डॉलर देऊ नका, फक्त महिन्याचं भाडं. सगळे हप्ते जोडून बघा, डोळे फिरतील. आणि कोणी न बोलावता दारावर फर्नेस विकायला आला तर सरळ दार लावा, ऑन्टारिओत १ मार्च २०१८ पासून तशा विक्रीवर बंदीच आहे.

बिलाचं म्हणाल तर जुनीच्या ८० टक्के एफिशिअन्सीवरून नवीनच्या ९६ वर म्हणजे तेवढ्याच उष्णतेला साधारण सहाव्या हिश्शाने कमी गॅस. पण बिलात वॉटर हीटर आहे, डिलिव्हरी चार्ज आहे, त्यामुळे अख्खं बिल तेवढं उतरत नाही. जुनी फर्नेस धडधाकट असेल तर निव्वळ बचतीसाठी बदलू नका असंच मी सांगेन. आणि फोडणीचा वास अजूनही थेट वरच्या बेडरूममध्ये पोचतो, त्यावर कुठल्याच एफिशिअन्सीचा इलाज नाही.

एक स्टार कापला तो बाहेरच्या पाइपसाठी. धुराचं तोंड त्यांनी बाजूच्या वाटेकडे केलं, वाफ तिथेच गोठायची आणि जानेवारीत कचऱ्याचा डबा नेताना स्केटिंग रिंक. फोन केल्यावर येऊन एल्बो (पाइपचा वळणाचा तुकडा) फिरवून दिला, फुकट, पण दोनदा आठवण करावी लागली. शिवाय धुरातून निघालेलं ते पाणी उपसणारा छोटा पंप रात्री गुरगुरतो, बेसमेंटमध्ये झोपणारे पाहुणे असतील तर फ्लोअर ड्रेनमध्ये थेट पाइप सोडता येतो का ते आधीच विचारून घ्या.