गेमिंग करताना सीपीयू-जीपीयूचं तापमान: काही महिने रोज ओव्हरले लावून खेळल्यानंतरचा अनुभव

खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान दिसावं (यालाच ओव्हरले म्हणतात) म्हणून ग्राफिक्स कार्ड हाताळणारं एमएसआय आफ्टरबर्नर, त्याच्यासोबत येणारं, आकडे गेमवर दाखवणारं रिव्हाट्यूनर म्हणजे आरटीएसएस, आणि सगळे सेन्सर वाचणारं एचडब्ल्यूइन्फो असं तिन्ही मिळून बरेच महिने वापरतोय. प्रोसेसर म्हणजे सीपीयू रायझन ५८००एक्स, ग्राफिक्स कार्ड म्हणजे जीपीयू आरटीएक्स ३०८०, दोन्ही चांगलेच तापणारे, त्यामुळे लिहिण्यासारखं बरंच साठलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो, नुसत्या तापमानावरून काही कळत नाही, शेजारी वॅट, क्लॉक (चिपचा वेग) आणि फॅनचा स्पीड दिसत असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो. कार्ड ३२० वॅट खेचत असताना ७८ डिग्री दाखवत असेल तर कूलर मस्त काम करतोय, पण तेच कार्ड २०० वॅटला ७८ वर जात असेल तर उघडून बघायची वेळ आलीय.

आफ्टरबर्नर कुठल्याही कंपनीच्या कार्डवर चालतं, एमएसआयचंच कार्ड लागतं असं काही नाही. डाउनलोड मात्र अधिकृत साइटवरूनच करा, २०२१ मध्ये त्याच्या नावाची खोटी साइट निघाली होती आणि तिच्यापासून सावध राहा असं खुद्द एमएसआयने सांगितलं होतं. नुसतं कार्डचं तापमान बघायचं असेल तर विंडोज १० च्या २०२० मधल्या अपडेटपासून टास्क मॅनेजरमध्येच दिसतं, पण तिथे सीपीयूचं तापमान नाही, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) नाही, मेमरीचं नाही, म्हणजे जे खरं बघायचं तेच नाही. म्हणून एचडब्ल्यूइन्फो लागतंच. ते सुरू करताना फक्त सेन्सर्स एवढंच निवडायचं, मग सेटिंगमध्ये जाऊन हवे ते सेन्सर थेट आरटीएसएसच्या ओव्हरलेवर पाठवता येतात. पहिल्यांदा ती यादी बघून डोळे फिरतात हे खरं आहे, पण एकदा नीट लावलं की परत हात लावावा लागत नाही.

मी स्क्रीनवर मोजकंच ठेवलंय: जीपीयूचं तापमान, हॉटस्पॉट, मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं तापमान), जीपीयूचा क्लॉक, वॅट, फॅन, आणि खाली सीपीयूचं तापमान नि वॅट. शिवाय फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेम काढायला किती वेळ लागला त्याचा) ग्राफ, तो हवाच, कारण गेम अडखळला की लोक लगेच गरमीला दोष देतात आणि ग्राफ शेजारी असला की कळतं की तापमान जागच्या जागी आहे आणि अडखळणं शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होण्यामुळे किंवा लोडिंगमुळे आहे.

आता सीपीयू. ५८००एक्सची कमाल मर्यादा ९० डिग्री, आणि आठही कोअर एकाच छोट्या चिपलेटवर (चिपच्या तुकड्यावर) असल्यामुळे वॅट फार नसले तरी उष्णता एका जागी गोळा होते नि कूलरपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्यामुळे नुसता ब्राउझर उघडला तरी ४२ वरून टुणकन ६० वर जातो आणि लगेच खाली येतो. नवीन माणूस हे बघून घाबरतो, पण एखादा कोअर क्षणभर ४.७ गिगाहर्ट्झच्या वर बूस्ट होतो त्याचा तो परिणाम आहे, बिघाड नाही. त्रास होतो तो फॅनच्या आवाजाचा, दर मिनिटाला घूं घूं वर-खाली. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फॅनला काही सेकंद उशिरा प्रतिसाद द्यायला लावलं आणि ७० डिग्रीपर्यंत फॅनचा कर्व्ह (तापमानानुसार वेग) जवळजवळ सपाट ठेवला की प्रश्न मिटतो. गेममध्ये माझा सीपीयू साधारण ६८ ते ७५ मध्ये असतो, शेडर कंपाइल होताना ८५ च्या पुढे जातो, आणि त्याची मला अजिबात काळजी वाटत नाही. रायझन ७००० मधले बरेच प्रोसेसर तर ताण आला की ९५ पर्यंत जाऊन तिथेच काम करतात, एएमडीने ते तसेच बनवलेत, आणि इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याला लावून घाबरण्यात अर्थ नाही, आपल्या मॉडेलची मर्यादा कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघायची आणि तिथून किती खाली आहोत ते मोजायचं.

खरा फायदा झाला तो ग्राफिक्स कार्डच्या बाबतीत. ३०८० ला जीडीडीआर६एक्स मेमरी आहे, ही मेमरी भयंकर तापते, आणि तिचं जंक्शन तापमान ११० ला पोचलं की कार्ड स्वतःहून मेमरीचा वेग कमी करतं. गंमत म्हणजे त्या वेळी जीपीयूचा मुख्य आकडा ७० असू शकतो, म्हणजे ओव्हरलेवर एवढाच आकडा ठेवला असेल तर सगळं उत्तम चाललंय असं वाटत राहणार. हॉटस्पॉटचंही तेच. सुरुवातीला माझ्या कार्डच्या मुख्य आकड्यात आणि हॉटस्पॉटमध्ये बारा-तेरा डिग्रीचा फरक असायचा, जो नॉर्मल समजतात. मी दर काही आठवड्यांनी एकाच गेममधल्या एकाच जागी, त्याच सेटिंगवर थोडा वेळ उभं राहून लॉग काढून ठेवायचो, आणि त्यात हळूहळू दिसायला लागलं की मुख्य तापमान जेमतेम तीन-चार डिग्री वाढलंय पण हॉटस्पॉटचा फरक २५ च्या आसपास गेलाय, फॅन आधीपेक्षा जोरात फिरतोय आणि मेमरी १०४ वर बसलीय. नुसत्या मुख्य आकड्यावर हे कधीच लक्षात आलं नसतं, कारण फॅन जास्त फिरून तो आकडा सांभाळत होता.

आधी धूळ साफ केली, थोडा फरक पडला, हॉटस्पॉट मात्र तसाच. मग चिप नि हीटसिंकच्या मधली पेस्ट आणि मेमरीवरचे थर्मल पॅड बदलले. पेस्ट वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन चिपच्या मधून कडेला सरकते, तिथे नीट चिकटून राहत नाही, आणि मग एखादाच कोपरा तापतो, तोच हा हॉटस्पॉट. बदलल्यावर फरक परत बारावर आला, मेमरी ९० च्या आत. हे करायचं असेल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा, आणि पॅडची जाडी आपल्या मॉडेलची नक्की शोधून मगच घ्या, जाड पॅड लागले तर हीटसिंक चिपवर नीट बसतच नाही आणि आधीपेक्षा वाईट होतं.

त्यानंतर अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा कर्व्ह उघडतो, मी ८५० मिलिव्होल्टला १८५० मेगाहर्ट्झ ठेवलंय. वॅट साठेकने कमी, फॅन शांत, एफपीएसमधला (सेकंदाला किती फ्रेम) फरक मला खेळताना जाणवत नाही. प्रत्येक चिप वेगळी असते, माझे आकडे जसेच्या तसे टाकू नका, थोडं थोडं खाली जाऊन प्रत्येक वेळी जड गेम बराच वेळ चालवून बघा. एनव्हिडियाची कार्डं (३०८० त्यातलंच) तापमानाच्या मर्यादेच्या बऱ्याच आधीपासून तापमान वाढेल तसा क्लॉक १५ मेगाहर्ट्झच्या पायरीने उतरवत जातात, त्यामुळे कार्ड थंड ठेवलं की तो क्लॉक आपोआप टिकतो.

अजून एक, गेमचे मेनू! एफपीएसला मर्यादा नसेल तर साध्या मेनूमध्ये कार्ड शेकड्याने फ्रेम काढत बसतं आणि खेळताना तापत नाही एवढं तिथे तापतं. आरटीएसएसमध्ये फ्रेम लिमिट टाकली की झालं काम, तापमान कमी करण्याचा याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. एचडब्ल्यूइन्फोमध्ये मदरबोर्डचा एखादा सेन्सर ११५ किंवा १२७ डिग्री दाखवतो आणि हलतच नाही, बहुतेक वेळा त्या पिनला काही जोडलेलंच नसतं, तो आकडा लपवून टाका. कमाल रकाना बघून घाबरू नका, गेम सुरू झाल्यावर रीसेट दाबून मग सरासरी बघा. आरजीबी लाइटची किंवा फॅनची दोन-तीन सॉफ्टवेअर एकाच वेळी सेन्सर वाचायला लागली की मधेच वेडेवाकडे आकडे येतात, त्यातलं एकच ठेवावं. मार्च २०२५ मध्ये विनरिंगझिरो नावाच्या जुन्या ड्रायव्हरला विंडोज डिफेंडर धोकादायक म्हणून पकडायला लागला, आणि तो वापरणारी मॉनिटरिंगची नि फॅनची बरीच फुकट सॉफ्टवेअर बंद पडली होती. त्या ड्रायव्हरमध्ये खरोखरच सुरक्षेची चूक आहे, म्हणून असा इशारा आला तर डोळे झाकून परवानगी देऊ नका, त्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आलीय का बघा.

आणि काही ऑनलाइन गेमच्या अँटी-चीटला (फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला) ओव्हरले चालत नाही. तिथे मी आरटीएसएस पूर्ण बंद करतो, मागे एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग चालू ठेवतो, त्याची सीएसव्ही फाइल तयार होते आणि खेळून झाल्यावर ती उघडून हॉटस्पॉटचा नि मेमरीचा रकाना तेवढा बघून घेतो.